बैलबाजार आणि बोटबाजार

गेल्या महिन्यात एका लग्नात नांदुऱ्याचे एक व्याही पंगतीत शेजारी बसले. वरण-भात कालवता कालवता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणे विलायतेत जाऊन जहाज घेतलं!" समोरच्या रांगेतली चार डोकी वर झाली. मी म्हटलं, "जहाज नाही हो, नाव. आणि मी नाही घेतली, धाकट्यानं घेतली. मी नुसता बाजाराला सोबत गेलो होतो." पण पंगतीत एवढं बारीक कोण ऐकतो? तेव्हापासून जो तो विचारतो. म्हणून काय झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आमचं वडनेर भोलजी नांदुरा आणि मलकापूरच्या मधे, हमरस्त्यावर. मुंबईचा समुद्र इथून जवळजवळ पाचशे किलोमीटर. खारं पाणी आम्हाला माहीत आहे ते पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं, आणि फार तर जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेची सहल घेऊन मुंबईला गेलो तेव्हा, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. मुलांना दाखवायचं सोडून मीच तोंड उघडं टाकून उभा होतो. तर अशा माणसाच्या पोराला शिडाच्या नावेचं वेड लागावं, हे काय नवीन?

पण लागलं खरं. धाकटा इंग्लंडात साउदम्प्टनला नोकरीला आहे. तिथे कचेरीतल्या कोणाबरोबर सुट्टीच्या दिवशी नावेवर जायला लागला, मग रीतसर शिकला, परीक्षा दिल्या. इथवर ठीक होतं. 2022 च्या दिवाळीत फोनवर आमचं शेताबद्दल बोलणं चाललं होतं. शेत पाच एकर. थोरला नाशिकला, धाकटा तिकडे, माझे गुडघे असे. विकावं असं थोरल्याचं मत, आणि मनातून मलाही ते पटलेलं. धाकटा म्हणाला, "बाबा, तुम्ही विकायचं ठरवलं तर माझी हरकत नाही. माझ्या वाट्याचे पैसे मी नावेत घालीन म्हणतो. जुनी नाव पाहतोय."

मी फोन हिच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन बसलो. माझ्या वडिलांनी ती जमीन एकेक एकर करून घेतली होती. दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणून राबून. त्या मातीचं पाणी करायचं? दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, मामंजींनी जमीन घेतली तेव्हा त्यांच्या वडिलांना विचारलं होतं का?" विचारलं नव्हतं. आमचे आजोबा म्हणत होते की पैसा गाईम्हशीत घाल. असो.

2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. खरं सांगतो, मी गेलो तो त्याचं मन वळवायला. तयारीही केली होती. त्याच सुमारास अभिलाष टॉमी यांची बातमी सगळीकडे होती. आपल्या नौदलातले निवृत्त अधिकारी. एकट्यानं, शिडाच्या नावेतून, 236 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 एप्रिलला गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, एक बाई! कौतुक वाटलंच, पण मी कापून ठेवलं होतं ते दुसरं कात्रण. ह्याच टॉमींची नाव 2018 च्या सप्टेंबरात ह्याच शर्यतीत हिंदी महासागरात वादळात सापडली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. मी ते कात्रण जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

धाकट्यानं वाचलं. म्हणाला, "बाबा, मी कुठे जगाला फेरी मारतोय? इथला किनारा, उन्हाळ्यात पलीकडे फ्रान्स. फार झालं तर पुढेमागे पोर्तुगाल. आम्ही तिघं, चार बंक, एक स्टोव्ह, एक संडास. रात्री कुठल्या तरी खाडीत नांगर टाकायचा आणि झोपायचं." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि बाबा, जुनी वस्तू पारखायला तुम्ही पाहिजेतच मला. आठवतं ना ते इंजिन?"

न आठवायला काय झालं! 1984 साल. विहिरीवर बसवायला मी एक जुनं डिझेल इंजिन घेतलं. नुकतंच रंगवलेलं, हिरवंगार, पितळी भाग लखलखीत. विकणारा गोड बोलणारा. अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी आतून असा आवाज आला की झाडावरचे बगळे उडाले. हा तेव्हा सहा वर्षांचा, बांधावर बसून पेरू खात होता. माझे वडील तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणंच जास्त लागलं, कारण त्यांनी मला आधी शिकवलं होतं.

वडिलांबरोबर मी लहानपणी बैलबाजारात जात असे. ते बैलाचे दात पाहायचे, दोनदाती की चारदाती, की सगळे जुळलेला. खुर पाहायचे, खांद्यावर जू घासल्याची जखम पाहायचे, चालवून, ओढवून पाहायचे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत असत, ते पाहायला मला फार मजा वाटायची. पण आमचे वडील तिथेच सौदा पुरा करत नसत. विकणाऱ्याच्या गावी जायचे, त्याचा गोठा पाहायचे. गव्हाण साफ आहे का, दावं कसं वळलंय, शेण कधी काढलंय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बैल काय पाह्यतं लेका, बैलाचा धनी पाह्य."

इंजिन घेताना मी धनी पाहिला नव्हता. रंगावर गेलो होतो.

आता नावेकडे वळतो. वाचणाऱ्यांपैकी कोणी नाव घेणार आहे असं नाही, पण मला जे समजलं ते सांगतो. आपल्याकडे कोणी जुना ट्रॅक्टर घेत असेल त्यालाही उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, केवढी घ्यायची? धाकट्याचं ठरलं होतं, बत्तीस ते छत्तीस फूट. मला वाटलं, समुद्रात जायचं तर मोठी बरी. पण नाव जशी लांबते तसं शीड मोठं होतं, दोर जड होतात, नांगर जड होतो, आणि मग नवरा-बायको दोघांना ती आवरत नाही. शिवाय बंदरात उभी करायचं भाडं लांबीवर घेतात. आणि लहान म्हणजे दुबळी असंही नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' बत्तीस फुटांची, सागवानी, आपल्या मुंबईत बांधलेली. तिच्यातून ते 1968 ते 1969 मध्ये एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीभोवती फिरून आले, जगात पहिलेच. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर कोअरच्या मंडळींनी 'तृष्णा'तून 1985 ते 1987 मध्ये जगाची फेरी केली, ती सदतीस फुटांची. दिलीप दोंदे यांची 2009-10 ची 'म्हादेई' मात्र छप्पन्न फुटांची होती, गोव्यात नवीन बांधलेली. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. टॉमींच्या शर्यतीचा तर नियमच होता की नाव छत्तीस फुटांहून मोठी नको आणि तिचा आराखडा 1988 च्या आधीचा हवा. म्हणजे जुन्या घडणीला तिकडे कोणी नाक मुरडत नाही.

दुसरा प्रश्न, खालचं पातं. नावेच्या पोटाखाली लोखंडाचं किंवा शिशाचं भलं जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. कशीही लोटली तरी उभी राहणारी बाहुली असते ना आपल्याकडे, तिच्या बुडाला जसं वजन, तसं. नाव कलली तरी हे वजन तिला परत उभी करतं. एकच खोल पातं असेल तर नाव वाऱ्याविरुद्ध चांगली चढते, पण ओहोटीला गाळात आडवी पडते. दोन आखूड पाती असतील तर थोडी हळू चालते, पण गाळात गाईसारखी चार पायांवर शांत उभी राहते. साउदम्प्टनकडे भरती-ओहोटी मोठी, आणि गाळाच्या नदीत नाव बांधायचं भाडं पक्क्या बंदरापेक्षा पुष्कळ कमी. म्हणजे कील निवडताना खिसाही निवडला जातो.

तिसरा प्रश्न, फायबरचं अंग. ह्या नावा काचतंतू आणि राळेच्या थरांनी बनवतात. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्यात पाणी मुरतं आणि बाहेरून फोड येतात. फोड फोडला तर आंबूस वासाचं पाणी निघतं. थोडे फोड म्हणजे म्हाताऱ्याच्या हातावरचे डाग, त्यानं कोणी मरत नाही. पण डेकच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड भरलेलं असतं, ते भिजून कुजलं तर खर्च फार. मग डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा. त्या बाहेरून चकचकीत दिसतात आणि आतून थकलेल्या असतात. दहा वर्षांच्या वर झाल्या तर बरेच विमेवाले बदला म्हणतात. टॉमींच्या कात्रणातली मोडलेली डोलकाठी आठवून मी ह्या तारांबद्दल प्रत्येकाला विचारत होतो. मग इंजिन, मग तळातून आरपार गेलेल्या नळांच्या तोट्या. एक तोटी तुटली तर नाव बुडते.

आणि शेवटचा, कागद. हे ऐकून मी चकितच झालो. तिकडे अशा छोट्या नावांना आपल्यासारखा सातबारा नसतो! नोंदणी सक्तीची नाही. परदेशी जायचं तर नोंदणी लागते, पण तीसुद्धा मालकीचा पुरावा नव्हे. मालकी सिद्ध होते ती आधीच्या मालकांच्या विक्रीच्या कागदांनी. ह्यानं त्याला विकली, त्यानं ह्याला, अशी साखळी. एक कडी तुटली की फेरफार अडकला समजा. एवढी वर्षं सातबाऱ्याला शिव्या दिल्या, पण त्या दिवशी त्याची किंमत कळली.

पहिली नाव आम्ही जूनच्या शेवटी पाहिली. छत्तीस फुटी, पांढरीशुभ्र, डेकवर सागवानी पट्ट्या. दलाल सूटबूट घातलेला, पण बोलणं आपल्या बाजारातल्या दलालासारखंच. "अजून दोन गिऱ्हाइकं येणार आहेत," हे वाक्य जगभर एकच असावं. आत नव्या निळ्या गाद्या, ताजं वॉर्निश, कुठल्या तरी फुलांचा वास. नातीनं पुढचा बंक लगेच आपल्या नावे केला. सूनबाई स्टोव्ह पाहून हसल्या. धाकट्याचे डोळे मी पाहिले. 1984 सालचे माझेच डोळे.

दलाल वर गेला तेव्हा मी हळूच एक कपाट उघडलं आणि आत डोकं घातलं. फुलांच्या वासाखाली दुसरा वास होता. पावसाळ्यात शाळेच्या कोठीत नकाशे ठेवायचो, तसा. मी धाकट्याला म्हटलं, "धनी कुठाय?" तो म्हणाला, "बाबा, मालक परदेशी असतो, सगळं दलालच बघतो." "मग पावत्या? तारा कधी बदलल्या?" दलाल म्हणाला की कागद मागवून घेऊ. ते कागद शेवटपर्यंत आले नाहीत.

मी म्हटलं, घेऊ नको. तो म्हणाला, "बाबा, नुसत्या वासावरून?" आमचं थोडं वाजलं. मी शेताचा विषय काढला, काढायला नको होता. "आजोबांच्या मातीचे पैसे असे ओल्या लाकडात घालणार का?" असं म्हणालो. तो काहीच बोलला नाही, माझ्या वडिलांसारखा. दुसऱ्या दिवशी त्यानं दहा टक्के इसार भरला. पण रीतीप्रमाणे अट घातली, की तपासणीत पास झाली तरच.

तपासणी करणारा सर्व्हेअर हा एक पाहण्यासारखा माणूस. नाव पट्ट्यांत उचलून जमिनीवर आणली, आणि तो हातात एक छोटी हातोडी घेऊन अंगभर टकटक करत फिरू लागला. कान लावून. मला आमची आई आठवली. कुंभाराकडून माठ घेताना ती बोटानं असाच वाजवून घ्यायची. चांगल्या जागी टण् आवाज, खराब जागी बद्द. डेकवर तो जिथे जिथे गेला तिथे बद्द, बद्द. सागवानी पट्ट्या ज्या स्क्रूंनी बसवल्या होत्या, त्यांच्या शेकडो भोकांतून पाणी आत मुरत होतं. कीलच्या मुळाशी एक भेग रंगाखाली झाकलेली. तारांचं वय कोणालाच माहीत नाही. त्यानं हातोडी खिशात टाकली आणि धाकट्याला एवढंच म्हणाला, "सुंदर आहे. दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्या."

इसार परत मिळाला. तपासणीचे आणि नाव उचलण्याचे मिळून हजाराच्या आसपास पौंड मात्र गेले. आपले लाखाच्या वर रुपये! नात गाडीत रडली. मला "बघ, मी म्हणत होतो" असं म्हणायचं होतं, मास्तरकीची सवय. पण ते हिरवं इंजिन आठवलं आणि मी गप्प बसलो. घरी आल्यावर धाकटा म्हणाला, "बाबा, त्या इंजिनापेक्षा स्वस्तात सुटलो." तेव्हा आम्ही दोघं हसलो, आणि मनातली अढी सैल झाली.

दुसरी नाव जुलैच्या अखेरीस पाहिली. तेहतीस फुटी, 1983 सालची, दोन कीलची. नदीच्या वरच्या अंगाला गाळात उभी. दलाल नाही, मालकानं स्वतःच जाहिरात दिलेली. रंग उडालेला, गाद्या विटलेल्या, खाकी. नात म्हणाली, "आजोबा, ही म्हातारी आहे." मालकही म्हातारा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, गुडघे गेलेले. डेकवर चढताना त्याला धाकट्यानं हात दिला, तेव्हा त्यानं जरा रागानंच घेतला. मला तो राग ओळखीचा वाटला.

त्यानं आधी चहा केला, मग एक वही आणली. जाड, तेलाचे डाग पडलेली. एकोणीस वर्षांचं सगळं त्यात. तेल कधी बदललं, तळातल्या तोट्या कधी बदलल्या, 2017 मध्ये सगळ्या तारा नव्या, कोणाकडून, किती पैशांत, आणि मागे पावत्या डकवलेल्या. धाकटा पानं उलटत होता आणि मला सांगत होता. एका पानावर थांबला. 2009. तिथे लिहिलं होतं की धुक्यात अंदाज चुकला आणि नाव खडकाला लागली, चूक माझी. खाली दुरुस्तीचे फोटो.

मी धाकट्याला मराठीत म्हटलं, "हीच घे." तो म्हणाला, "बाबा, अजून इंजिनसुद्धा चालू करून पाहिलं नाही!" मी म्हटलं, "ते पाहा, सगळं पाहा, सर्व्हेअरही आण. पण ज्या माणसानं स्वतःची चूक लिहून ठेवली आहे, त्यानं बाकी काही लपवलं नसेल." माझे वडील ज्यासाठी परगावी जात, तो गोठा इथे वहीच्या रूपानं समोर होता.

सर्व्हेअर तोच बोलावला. तळाला थोडे फोड निघाले, शिडं थकलेली, इंजिन वयानुसार. डेक सगळीकडे टण्. कागदांची साखळी पहिल्या मालकापासून पुरी. धाकट्यानं शिडांचा खर्च दाखवून दोन हजार पौंड कमी सांगितले. म्हाताऱ्यानं तीन दिवस मागितले. ते तीन दिवस मी काही बोललो नाही, पण मला वाटत होतं की त्याचा अडसर पैशांचा नाही. चौथ्या दिवशी हो म्हणाला. पैसे धाकट्यानं आपल्या साठवणीतून आणि थोडे कर्ज काढून दिले. शेत तेव्हा विकलेलं नव्हतंच.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या शनिवारी नाव ताब्यात घेतली. हिनं भारतीय दुकानातून नारळ आणला होता. हळदकुंकू लावून तो पाण्यात सोडला, आणि म्हाताऱ्याला हातावर साखर दिली. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण टोपी काढून उभा राहिला. धाकटा आणि सूनबाई दोर सोडत होते तेव्हा तो माझ्याजवळ आला. माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं, त्याचं बोलणं तोंडातल्या तोंडात. तरी एवढं समजलं. त्यानं विचारलं, "तुमचा मुलगा लिहून ठेवतो का?"

धाकटा लहानपणी गृहपाठसुद्धा वेळेवर लिहीत नसे. पण मी म्हणालो, "लिहील. मी सांगेन." त्यानं मान हलवली, काठी टेकत गाडीकडे गेला, आणि नाव सुटायच्या आधीच निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही. बैल विकलेला माणूस असाच जातो. बैल हंबरला तर पाय अडतो म्हणून.

त्या दिवशी मीही नावेत बसलो. तास-दीड तास. वारा आला, शीड भरलं, इंजिन बंद केलं, आणि एकदम इतकं शांत झालं की पाण्याचा नुसता सळसळ आवाज. नाव कलली तेव्हा मी दोन्ही हातांनी कठडा धरला, ही मात्र मजेत खारे दाणे खात होती. नात म्हणाली, "आजोबा, अँकरला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, नांगर. "आणि शेतात असतो तो?" तोही नांगरच. ती म्हणाली, "मग एक चालतो आणि एक थांबवतो, तरी नाव एकच?" चाळीस वर्षं मराठी शिकवलं, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पोळ्याच्या आधी आम्ही वडनेरला परतलो. आल्यावर मी नांदुऱ्याहून दोनशे पानी वही आणली आणि शेताचं लिहायला बसलो. विहीर किती हात, कुठल्या वर्षी किती खोदली, कुठल्या थराला खडक लागला. उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं आणि चव कधी बदलते. कुठला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबतं आणि तूर जळते. लिंबाखाली कोणाची समाधी आहे, तिथे नांगर का घालायचा नाही. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून झालेलं भांडण, त्यात माझीही चूक होती, तीही लिहिली. हिरव्या इंजिनाचंही एक पान आहे. लिहायला चार महिने लागले. लिहिताना कळलं, की वडिलांकडून ऐकलेलं अर्धं मी विसरलो आहे आणि आता विचारायला कोणी नाही.

शेत 2025 च्या उन्हाळ्यात विकलं. गावातल्याच एका मुलानं घेतलं, माझ्याकडे सातवीला होता. खरेदीखत झाल्यावर त्याला वही दिली. उलटीपालटी करून म्हणाला, "मास्तर, हे काहून लिवलं? आता थोडीच भाव वाढून भेटते!" मी म्हटलं, "वाच कधी सवडीनं." परवा तो घरी आला आणि म्हणाला, बांध तुम्ही लिहिला तिथेच फुटला. मला बांध फुटल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

धाकट्याच्या वाट्यातून त्यानं नावेचं कर्ज फेडलं. म्हणजे शेवटी मातीचं पाणी झालंच. माझं मन पूर्ण वळलंय असं नाही. ते तिघं पलीकडे फ्रान्सला निघाले की मला रात्री झोप येत नाही, आणि ही मला फोनवर तिकडचं हवामान पाहू देत नाही. पण मागच्या आठवड्यात त्यानं त्या जुन्या वहीतल्या नव्या पानाचा फोटो पाठवला. तेल बदलल्याची तारीख, पावती डकवलेली. खाली लिहिलं होतं, खाडीत शिरताना भरतीची वेळ चुकीची वाचली, तीन तास गाळात बसलो, चूक माझी.

मी हिला वाचून दाखवलं. म्हटलं, गृहपाठ करतोय.